दोरा बांधलेलं प्यादं

आमच्या घरात बुद्धिबळ आलं ते खेळायला म्हणून नाही, कामाची मागणी म्हणून आलं. तळेगावच्या एका इनामदारांना पट हवा होता, आणि लाकूड कातून गोल, गुळगुळीत वस्तू करणारे कातारी चिंचवडात तेव्हा आम्हीच. मारुतरावांनी सगळे मोहरे कातले. मारुतराव म्हणजे माझे मालक. तेव्हा मी त्यांचं नाव तोंडानं घेत नव्हते, आता लिहायला हरकत नाही. शिसवीचे काळे आणि दुधीच्या लाकडाचे पांढरे मोहरे तयार झाले, मी त्यांना लाखेचा हात दिला, आणि मग हा गृहस्थ अडूनच बसला. ज्या वस्तूचा उपयोग माहीत नाही ती चांगली झाली की वाईट हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी इनामदारांच्या दिवाणजीनं ओट्यावर बसून खेळ समजावून सांगितला. पट तळेगावला गेला आणि खेळ आमच्या घरी राहिला.

मी चिडले नसते तरच नवल. पोळपाट-लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर यांवर चालणारं आमचं घर; त्यात हे साहेब स्वतःसाठी दुसरा पट कातून बसले. पण खोटं कशाला बोलू, त्या पटानं माझा संसार सुधारला. त्याआधी मारुतरावांचा हात पुढं असायचा आणि डोकं मागून धावत यायचं. लाकूड चिरलं की ते अंगणात भिरकवायचे, मग माझ्यावर आवाज चढवायचे, मग न जेवता नदीवर जाऊन बसायचे. बुद्धिबळानं त्यांना एक सवय लावली. चाल सुचली तरी मोहऱ्याला हात लावायचा नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेवायचे आणि पुन्हा एकदा सगळा पट बघायचा. हळूहळू ते लाकडासमोरही तसेच बसू लागले. मग त्यांच्या हातून लाकूड चिरेनासं झालं. भोवऱ्याला शीळ आली, पाळण्याच्या दांड्यावर हलतं पाखरू आलं, आणि लोक लांबून आमचं घर विचारत येऊ लागले.

लाकूड फिरवायच्या आमच्या सांगाड्याला दोन माणसं लागतात. एकानं चामड्याची वादी ओढून लाकूड फिरवायचं आणि समोर बसून दुसऱ्यानं लाकूड कातायचं हत्यार, पटाशी, धरायची. वादी माझ्याकडे. म्हणजे संसाराची बरीच वर्षं मी या माणसाच्या तोंडाकडे बघत काढली, आणि तो चेहरा मला जितका पाठ आहे तितका त्यांच्या आईलाही नसेल. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळं त्यावरच आलं.

मारुतरावांना तोडीस तोड खेळणारा एकच माणूस होता, चाकणचे यशवंतराव. कांद्याचे अडतदार, अंगानं भारदस्त, गुडघ्यांनी अधू. त्यांना चिंचवडला येणं जमेना आणि मारुतरावांना काम सोडून चाकण जमेना, तेव्हा दोघांनी आपापल्या घरी एकेक पट मांडला. चाकणहून चिंचवड स्टेशनावर कांद्याची पोती आणणारा सोनबा गाडीवान येताना यशवंतरावांची चाल तोंडी आणायचा आणि जाताना मारुतरावांची घेऊन जायचा. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. रस्ताभर तो ती चाल बैलांना ऐकवत यायचा, विसरू नये म्हणून. एकेक डाव असा महिनोन् महिने चाले. आणि चालू डावात चालीशिवाय एक शब्द इकडचा तिकडं धाडायचा नाही, अशी त्या दोघांची शिस्त. यशवंतरावांच्या घरी लग्न झालं तेही आम्हाला डाव संपल्यावर कळलं.

ही गोष्ट पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची. एका संध्याकाळी मारुतरावांनी माझ्याकडे लाल दोरा मागितला. मी गोधडी शिवत होते. त्यांनी दोरा दातानं तोडून त्याचे दोन तुकडे केले. एक आपल्या पांढऱ्या प्याद्याच्या गळ्यात बांधला, दुसरा, त्या प्याद्याचं घर सांगून, सोनबाच्या हाती चाकणला धाडला. हे काय म्हणून मी विचारलं, तर मिशीत हसून म्हणाले, “डाव संपू दे, मग सांगतो.” पुरुषमाणसांचा पोरखेळ म्हणून मी सोडून दिलं.

ते सांगायचं राहिलंच. पौषात एका सकाळी पटाशीला धार लावता लावता मारुतराव उजव्या अंगावर कलंडले. डॉक्टर आले, सुई दिली. जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला, आणि वाचा गेली. म्हणजे सगळी नाही गेली, एक शब्द उरला: “न्हाई.” पाणी देऊ का विचारलं की न्हाई म्हणत आणि तांब्या तोंडाला लावत. तुमचं नाव काय, न्हाई. ही कोण, न्हाई. हे मला म्हणाले तेव्हा मी चुलीपाशी जाऊन पदरात तोंड खुपसून रडले. डॉक्टर म्हणाले, बाई, जीव आहे यात समाधान माना, समज फारशी उरलेली दिसत नाही.

माझे दीर चिमाजी कारखान्यात लागले होते. माणूस वाईट नव्हता, उलट त्यांच्याइतकं त्या दिवसांत कुणी धावलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दादाला आणि मला त्यांनी आपल्या पिंपरीच्या खोलीवर न्यायचं, सांगाडा मोडीत घालायचा, आणि ओटा एका सायकलवाल्याला द्यायचा. दादाला काय, वेळेवर जेवण आणि ऊन मिळालं की झालं. ते दादाच्या देखत हे बोलत होते, खाटेपाशी उभं राहून, पाळण्यातल्या मुलाबद्दल बोलावं तसं. मारुतराव आढ्याकडे बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. राग असावा. पण माझ्या दिसण्याला पुरावा काय? मी पाडव्यापर्यंत मुदत मागितली. तोवर यांची समज शाबूत आहे असं दिसलं नाही, तर मी मुकाट्यानं निघेन असं कबूल केलं.

मग सोनबा आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ओट्यावर उभा राहून त्यानं नेहमीसारखी चाल घडाघडा म्हटली: हत्ती राजाच्या बाजूनं दोन घरं पुढं. मी त्याला खाटेकडे बोट दाखवलं. तो जागच्या जागी खाली बसला. म्हणाला, “आक्का, मंग मी यशवंतरावास्नी काय सांगू?”

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी फळीवरचा पट उतरवला. मोहरे मांडलेले होते तसेच, धूळ बसलेले. मारुतरावांना भिंतीशी टेकवून बसवलं, पट पुढ्यात ठेवला आणि सोनबाला ती चाल पुन्हा म्हणायला लावली. मारुतरावांनी पटाकडे पाहिलं. मग डाव्या हातानं त्यांनी आपला मेलेला उजवा हात उचलला, नीट मांडीवर ठेवला, आणि डावा हात दुसऱ्या मांडीवर ठेवला. तसेच बसून राहिले.

सोनबाचे बैल बाहेर घुंगरं वाजवत होते. दिघीकडून लष्कराच्या चांदमारीतल्या गोळ्यांचे आवाज येत होते. बऱ्याच वेळानं डावा हात उठला, एक मोहरा आडवा पडला, आणि उंट तिरपा सरकून हत्तीच्या वाटेत उभा राहिला. मी सोनबाला जागा दाखवली. तो बोटांवर घरं मोजत, पुटपुटत निघून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

चिमाजींना हे सांगितलं तर ते दुःखानं हसले. म्हणाले, “वयनी, बैल सोडला तरी आपसूक घरी येतो. त्याला रस्ता ठावं असतो म्हून काय तो इचार करतो व्हय? हाताची सवय हाय ती.” उंटानं तिरकं जावं एवढं मला माहीत होतं, पण ती चाल शहाण्याची की सवयीची हे मला कुठं कळत होतं? ते कळायला हवं असेल तर खेळ यायला हवा. म्हणून मी खेळ शिकले. हौस म्हणून नाही, नवऱ्याला साक्षीदार हवा होता म्हणून.

शिकवायला मास्तरही तेच. दुपारी सोनबाच्या डावाला धक्का न लावता आम्ही जमिनीवर खडूनं दुसरा पट आखायचो आणि मोहऱ्यांच्या जागी भोवरे, खुंट्या, लाटण्यांचे तुकडे मांडायचो. मी काही चूक केली की ते माझा मोहरा उचलून परत ठेवत आणि म्हणत, “न्हाई.” शिकवायला त्यापलीकडे फारसं काही लागत नाही, हे मला तेव्हा समजलं. मी आधी घाईनं हरायचे, मग सावकाश हरू लागले. माझे हातही मांड्यांवर जाऊ लागले. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. दिवसभर जी भीती माझ्या पाठी लागलेली असे, की यांचं काय, माझं काय, पाडव्यानंतर काय, ती पटासमोर बसलं की निवायची. तिथं एका वेळी एकच चाल करायची असते. बाकीचं सगळं त्या चालीनंतर. मारुतराव इतकी वर्षं या चौकोनांत काय शोधत होते ते मला कळलं, आणि ते बोलत होते तेव्हा आपण विचारलं नाही याचं वाईट वाटलं.

सोनबा येत होता, जात होता. चाकणहून चालीखेरीज एक अक्षर नाही. आजाराची बातमी सोनबानं दिली असणारच, तरी कसे आहेत म्हणून विचारणा नाही, भेट नाही. मी मनात यशवंतरावांना भरपूर शिव्या दिल्या. कांदे विकून विकून माणसाचं काळीजही तसंच होतं, सोलत जावं तो आत काही नाहीच, असं मी सोनबाला ऐकवलं. त्यानं मान खाली घातली, पण निरोप नेला नाही. चालू डावात चालीशिवाय काही न्यायचं नाही हे त्यालाही पाठ होतं.

फाल्गुन संपत आला तसा डावही संपत आला. यशवंतरावांचा काळा राजा कोपऱ्यात कोंडला होता, जवळ एकच हत्ती. एका सकाळी सोनबा त्या हत्तीची चाल सांगून गेला, मी ती पटावर केली, हात मांड्यांवर ठेवले, आणि माझ्या अंगावर काटा आला. आमचा वजीर दोन घरं सरकला की मात होती. मी पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. राजाला हलायला घर नाही, मध्ये घालायला मोहरा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला मात दिसली होती, आणि ती अगदी उघडी होती. चिमाजी शिफ्ट संपवून येणारच होते. त्यांच्या डोळ्यांदेखत मात झाली, चाकणच्या यशवंतरावांवर झाली, तर मग बैलाची गोष्ट सांगायला त्यांना तोंड राहिलं नसतं.

चिमाजी आले, खाटेपाशी बसले. मी म्हटलं, आता बघा. मारुतरावांनी हात मांड्यांवर ठेवले, पट न्याहाळला, आणि डाव्या हातानं एक प्यादं एक घर पुढं सरकवलं. तेच, लाल दोऱ्याचं.

मी ते परत मागं घेतलं. वजिरावर बोट ठेवलं. “न्हाई,” ते म्हणाले. मी वजीर उचलून मात होणाऱ्या घरात ठेवून दाखवला. त्यांनी तो उचलून होता तिथं परत ठेवला आणि पुन्हा प्यादं ढकललं. “न्हाई.” मी जवळजवळ ओरडले, अहो मात आहे, बघा तरी. ते माझ्याकडे बघत राहिले आणि तेच म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांच्या की माझ्या, आता आठवत नाही. चिमाजींनी हळूच पट बाजूला घेतला.

बैलाला रस्ता ठाऊक असतो तसं मोहरे कसे चालतात हे हाताला सवयीनं ठाऊक असतं. समोर असलेली मात ज्याला दिसत नाही, त्याच्यात विचार उरलेला नाही. मीच शिकलेल्या खेळानं मला हे शिकवलं. त्या संध्याकाळी मी चिमाजींना सांगितलं की पाडव्याच्या आदल्या दिवशी गाडी आणा, सांगाडाही न्या. दुसऱ्या दिवशी सोनबा आला तेव्हा त्याला ती प्याद्याची चाल सांगायची मला लाज वाटली. तरी सांगितली. डाव त्यांचा होता, माझा नव्हता.

ठरल्या दिवशी चिमाजी भाड्याची बैलगाडी घेऊन आले. सांगाड्याचे खांब आम्ही मोकळे करत होतो, मारुतराव भिंतीशी टेकून बघत होते, आणि दारात दुसरी गाडी उभी राहिली. सोनबाची. पोत्यांवर टेकून बसलेला एक भला थोरला माणूस सोनबाच्या खांद्याचा आधार घेत कण्हत खाली उतरला. धुवट धोतर, नवा फेटा, लग्नाला निघाल्यासारखा. यशवंतराव.

ते माझ्याशी बोलले नाहीत, चिमाजींशी नाहीत. ओट्याच्या पायऱ्या एकेक करून चढले, मारुतरावांच्या समोर बसले आणि पट आणा म्हणाले. मी फळीवरून पट आणला. त्यांनी आपला हत्ती बाजूला सरकवला, म्हणजे चाल करायची म्हणून केली. मग दोन्ही हात मांड्यांवर ठेवून खाली बघत बसले.

मारुतरावांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ठेवला. सावकाश सगळा पट पाहिला. मग ते दोऱ्याचं प्यादं आणखी एक घर पुढं गेलं, आणि राजाला शह बसला. मी वाकून बघितलं. कोपऱ्यातल्या राजाला कुठंच जागा नव्हती. प्याद्याला वजिराचा जोर होता. मात झाली होती.

यशवंतरावांनी आपला राजा आडवा केला. मग कमरेच्या बटव्यातून एक लाल दोरा काढला आणि पटावर ठेवला. माझ्याच गोधडीचा, मारुतरावांनी दातानं तोडलेला.

“वहिनी,” ते म्हणाले, “यांनी दोरा बांधून मला सांगून ठेवलं हुतं, या प्याद्यानंच मात करीन. आमच्यात प्यादेमातीसारखी मानाची दुसरी मात न्हाई. पण एकदा दोरा बांधला की दुसऱ्या मोहऱ्यानं मात केली तर ती हार. वजिराची मात मला चाकणला बसून दिसत हुती. ती सोडून प्यादं आलं, तवा मी जेवण टाकून उठलो. म्हटलं, माझा दोस्त हाय. हितंच हाय. अशी मात घरात बसून घ्यायची नसती, समोर येऊन घ्यायची असती.”

तीन महिने मी ज्याची खूण शोधत होते ती माझ्या डोळ्यांसमोर प्याद्याच्या गळ्यात बांधलेली होती. दुखण्याच्या आधी दिलेला शब्द त्या माणसानं दुखण्यातून पार नेला होता, आणि मी त्यांच्या हातात वजीर कोंबत होते. मी रडले, आणि या वेळी चुलीपाशी गेले नाही.

चिमाजी सांगाड्याचा खांब हातात धरून उभे होते. तो त्यांनी खाली ठेवला, येऊन भावासमोर उकिडवे बसले, आणि आजारानंतर पहिल्यांदा थेट त्यालाच विचारलं, “दादा, सांगाडा न्यायचा का?”

मारुतरावांचा उजवा हात मांडीवर होताच, त्याच्या जोडीला डावा आला. त्यांनी ओट्याकडे बघितलं, मोकळ्या खांबांकडे, मग माझ्याकडे.

“न्हाई,” ते म्हणाले.

चिमाजींनी डोळे पुसले आणि भाड्याच्या गाडीवाल्याला माघारी धाडलं. खांब चिमाजी, सोनबा आणि मी मिळून परत बसवले. यशवंतराव बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते. जाताना ज्या प्याद्यानं मात झाली ते हरलेल्यानं घरी न्यायचं असतं म्हणून त्यांनी ते बटव्यात टाकलं. बटवा त्यांनी वाटेत दोनदा उघडून बघितला, असं सोनबानं नंतर सांगितलं.

पाडव्याला मी गुढी उभारली आणि मग सांगाड्यापाशी आले. जागा बदलून बसलो. वादी त्यांच्या डाव्या हातात, पटाशी माझ्या. वर्षानुवर्षं मी समोरून बघितलं होतं, तरी पटाशी हातात धरल्यावर सगळं उलटं दिसत होतं. मी हात मांड्यांवर ठेवले, दुधीचा तो तुकडा सगळ्या बाजूंनी बघितला, मग मान हलवली. त्यांनी वादी ओढली.

माझ्या हातची पहिली वस्तू म्हणजे प्यादं. पटावर एक कमी होतं ना. गळा जरा जाड झाला, बूड एका अंगाला कललं. त्यांनी ते बोटांत फिरवून फिरवून इतका वेळ बघितलं की मला घाम फुटला.

“न्हाई,” मारुतराव म्हणाले, आणि ते पटावर रिकाम्या घरात नीट मधोमध ठेवलं.